मीठ चाटायला आलेली रानमेंढी

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात जॅस्पर गावाच्या पूर्वेला १६ क्रमांकाचा महामार्ग अथाबास्का नदीच्या काठाने जातो. डिझास्टर पॉइंट नावाच्या जागेजवळ एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला थेट रस्त्यावर उतरलेला कडा आहे. मधल्या डांबरी पट्ट्यावर बिगहॉर्न जातीच्या रानमेंढ्या निवांत उभ्या दिसतात. बान्फजवळच्या मिनेवांका तलावाच्या रस्त्यावरही त्या अशाच भेटतात. कॅल्गरी-एडमंटनची मराठी कुटुंबं उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन याच रस्त्यांनी फिरतात, आणि कळप दिसला की गाडी थांबते, दारं उघडतात, नातवंडं खाली उतरतात. या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला मला एक गोष्ट सांगायची आहे. ही मेंढी शांत दिसते म्हणून माणसाळलेली नसते, आणि तिच्या त्या शांतपणावर विसंबून आपण जे जे करतो त्यातलं बहुतेक तिच्या जिवावर बेतणारं असतं. काही वेळा आपल्याही.

मुळात ती रस्त्यावर का येते, हे आधी पाहायला हवं. वसंतातलं कोवळं गवत पाण्याने आणि पोटॅशियमने भरलेलं असतं आणि त्यात सोडियम फार थोडं असतं. असं गवत खाणाऱ्या जनावराच्या अंगातलं सोडियम लघवीवाटे निघून जातं. त्यातच मे-जूनमध्ये मेंढ्या व्यायलेल्या असतात, कोकरं दूध पीत असतात, म्हणजे क्षारांची गरज वाढलेली असते. डोंगरात त्यांच्या क्षाराच्या ठरलेल्या जागा असतात. पिढ्यान्‌पिढ्या त्या तिथे जाऊन माती चाटतात. आपण हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतो, ते कडेच्या खडीत, चरात आणि मातीत साठून राहतं. मेंढीच्या दृष्टीने ही क्षाराची आणखी एक जागा झाली. या दिवसांत तिला जवळून पाहिलं तर अंगावरचे हिवाळी केस पुंजक्यापुंजक्यांनी सुटत असतात, खालचे नवे गडद केस मधेमधे दिसतात, आणि मान खाली घालून ती एकाच जागची खडी चाटत राहते. उभ्या गाडीच्या चाकामागचा आणि दाराखालचा पांढरट थरही ती चाटते. जॅस्परमध्ये तर मूस या सांबरकुळातल्या अवाढव्य प्राण्याला गाडी चाटू देऊ नका, असे फलक २०२० मध्ये लावावे लागले होते. म्हणजे मेंढी आपल्याला भेटायला आलेली नसते. ती मिठासाठी येते, आणि मीठ नेमकं गाड्या धावतात तिथेच असतं.

दुसरी गोष्ट तिच्या पळण्याची. गाडी चालवणाऱ्याने लक्षात ठेवावं असं यापेक्षा महत्त्वाचं मला दुसरं काही वाटत नाही. लांडगा किंवा डोंगरी सिंह मागे लागला तर सपाटीवर वेगाने वाचेल असा हा प्राणी नाही. तिचा बचाव कड्यात आहे. जिथे शिकाऱ्याचा पाय टिकत नाही तिथे तिचे खूर टिकतात. म्हणून घाबरल्यावर ती धोक्यापासून सरळ लांब पळेलच असं नाही, ती कड्याच्या दिशेने पळते. आता डिझास्टर पॉइंटसारखी जागा डोळ्यांपुढे आणा. मेंढी नदीच्या बाजूला चरात उभी आहे, कडा रस्त्यापलीकडे आहे आणि तुमची गाडी मधे आहे. तुम्ही दार उघडलंत, मुलगा ओरडला, मेंढी दचकली, तर ती निघणार रस्त्यावरून आडवी, समोरून येणाऱ्या ट्रकपुढून. एक निघाली की मागची निघते, आणि आईच्या मागे कोकरू निघतंच. एक मेंढी ओलांडून गेली की धोका टळला असं समजून गाडी दामटणारे लोक दुसऱ्या-तिसऱ्या मेंढीला धडकतात ते याचमुळे. तेव्हा कळप दिसल्याबरोबर पहिला प्रश्न मनात यावा तो हा, की कडा कोणत्या बाजूला आहे? कळप आणि कडा यांच्या मधली जागा मोकळी राहिली पाहिजे. तिथे गाडी उभी करू नये, माणसाने तर उभं राहूच नये.

वेगाचा हिशेब साधा आहे. ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर पुढे जाते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३७ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तरी पुढे आणखी ४५ मीटर लागतात, म्हणजे गाडी थांबते ऐंशी मीटरपलीकडे. ताशी ७० ला हाच आकडा ५७ च्या आसपास येतो. मधले २५ मीटर म्हणजे मेंढीचा जीव. जॅस्परमध्ये प्राण्यांच्या पट्ट्यांत वेगमर्यादा ९० वरून ७० वर का आणली आहे, ते या हिशेबातून कळतं. रस्ता मोकळा आणि सरळ दिसत असताना ७० ने जाणं जिवावर येतं, मागचा गाडीवाला दिवे दाखवतो, हे खरं. पण ती मर्यादा दिसणाऱ्या मेंढीसाठी नसतेच, वळणाआड असलेल्या मेंढीसाठी असते. आणि पूर्ण वाढलेल्या एडक्याचं वजन १३० किलोपर्यंत जातं, त्यातली शिंगं आणि कवटी मिळूनच एखाद्या लहान मुलाएवढी भरतात. तेवढं वजन बॉनेटवर आलं तर आतली माणसंही सुखरूप राहतील असं नाही.

यावर नेहमीचं म्हणणं येतं, की या मेंढ्यांना गाड्यांची आणि माणसांची सवय झाली आहे, त्या ढिम्म हलत नाहीत, मग त्यांना त्रास कसला? या प्रश्नाला अनुमानाने उत्तर द्यायची गरज नाही. अल्बर्टातल्याच शीप रिव्हर भागात रॉबर्ट मॅकआर्थर, व्हॅलेरियस गाइस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने रानमेंढ्यांच्या हृदयाचे ठोके दुरून मोजणारी यंत्रं बसवून अभ्यास केला, तो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं, की मेंढी वरून स्थिर दिसत असतानाही तिचे ठोके वाढलेले असू शकतात. अंग हलण्याआधीच हृदय धावायला लागतं. शिवाय नुसत्या जाणाऱ्या गाडीने त्यांच्यात फारसा फरक पडत नव्हता. पायी आलेला माणूस, विशेषतः डोंगराच्या धारेवरून अचानक समोर आलेला, आणि त्याहून जास्त कुत्रा बरोबर असलेला माणूस यांनी त्या अस्वस्थ होत होत्या. म्हणजे सवय झाल्याचा दावा अर्धा खरा आहे. सवय गाडीची झाली आहे. गाडीतून उतरलेल्या माणसाची तितकी नाही. मला तर यातूनच सगळ्यात सोपा नियम मिळतो: काचेआड बसून पाहा. कुत्रा असेल तर तो आतच राहू द्या, खिडकीतून भुंकूही देऊ नका.

आणि गाडीची जी सवय झाली आहे, ती तिच्या हिताची आहे का? गाडीला न भिणारी मेंढी गाडीखाली येते, हे सांगायला अभ्यास लागत नाही. ब्रिटिश कोलंबियात रेडियम हॉट स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथल्या रानमेंढ्या गावातल्या हिरवळीवर चरतात, फुटपाथवरून चालतात. त्याच कळपातल्या कितीतरी मेंढ्या शेजारच्या महामार्गावर मारल्या गेल्या आहेत. हा प्राणी भराभर वाढणाराही नाही. मेंढी वर्षाला साधारण एकच कोकरू देते. त्यात पाळीव शेळ्यामेंढ्यांकडून येणारा न्यूमोनिया एखाद्या कळपात शिरला की मोठी जनावरं मरतात, आणि नंतरही काही वर्षं नवी कोकरं दगावत राहतात. अशा कळपाला दर उन्हाळ्यात रस्त्यावर मरणाऱ्या चार-पाच मेंढ्या भरून काढता येत नाहीत.

आता खाऊ घालण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे आपला मराठी माणूस मनापासून चुकतो. मुक्या जिवाला घास दिला की पुण्य, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ते शिकवणं गोठ्यातल्या गाईसाठी, दारातल्या चिमणीसाठी आहे आणि तिथे ते योग्यच आहे. पण ताम्हिणी किंवा वरंधा घाटात माकडांना केळी, बिस्किटं देऊन काय झालं ते आपण पाहिलं आहे. माकडं जंगल सोडून कठड्यावर येऊन बसली, गाड्यांखाली येऊ लागली, माणसांच्या हातातल्या पिशव्या ओढू लागली. रानमेंढीच्या बाबतीत आणखी एक शारीरिक कारण आहे. ती रवंथ करणारी आहे. तिच्या पोटातले जिवाणू गवत आणि झुडपांचा पाला पचवायला तयार झालेले असतात. ब्रेड, वेफर्स, बिस्किटं असा पिठूळ, गोड माल एकदम गेला की पोटात आम्ल वाढतं, ते जिवाणूच मरतात, आणि जनावर आजारी पडतं, कधी मरतंही. ‘एका बिस्किटाने काय होतं’ म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारीन, की त्या दिवशी त्या वळणावर थांबलेली तुमची गाडी कितवी होती? मेंढीला मिळतात ती सगळ्यांची बिस्किटं. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत वन्यप्राण्यांना खायला घालणं हा गुन्हा आहे, दंड २५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. पण दंड नसता तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. इथे भूतदया म्हणजे हात आवरणं.

एक आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकांना दोष देण्यापेक्षा सरकारने रस्तेच नीट बांधावेत, असं काहीजण म्हणतात. मला ते निम्म्याहून अधिक पटतं. बान्फमध्ये ट्रान्स-कॅनडा महामार्गाला कुंपण घालून प्राण्यांसाठी सहा पूल आणि अडतीस भुयारी वाटा केल्या, त्यानंतर प्राण्यांच्या धडका ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. अमेरिकेत ॲरिझोनात हूवर धरणाजवळ ९३ क्रमांकाच्या महामार्गावर तर खास वाळवंटी रानमेंढ्यांसाठी तीन पूल बांधले, २०११ मध्ये ते पुरे झाले. आधी मेंढ्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून त्या कुठून ओलांडतात ते शोधलं आणि पूल डोंगरधारेच्या त्याच जागी टाकले. लांबवर नजर पोचेल अशी उंच मोकळी वाट रानमेंढीला हवी असते, अंधारं भुयार नको असतं, हे तिथे लक्षात घेतलं गेलं. त्या पुलांवरून मेंढ्या आज जातात-येतात. असे पूल आणखी झाले पाहिजेत आणि त्यासाठी मागणी केलीच पाहिजे. पण पूल रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्यासाठी असतो. जी मेंढी रस्ताच चाटायला आली आहे, तिला पुलाचा उपयोग नाही. तिथे उरतो तो फक्त चालकाचा पाय आणि त्याची समज.

मग पाहायचंच नाही का, असं विचारलं जातं. पाहायचं, जरूर पाहायचं. इतक्या लांबून आलेल्या आजी-आजोबांना शिंगांचं ते वेटोळं दिसलंच पाहिजे. एडक्याच्या शिंगावरच्या आडव्या वळ्या वर्षावर्षाच्या असतात, म्हाताऱ्या एडक्याच्या शिंगांची टोकं झिजून बोथट झालेली असतात. हे सगळं दुर्बिणीतून छान दिसतं. कॉलोराडोतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शीप लेक्स नावाची जागा आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मेंढ्या डोंगरावरून उतरून, रस्ता ओलांडून तिथल्या कुरणात क्षार चाटायला येतात. उद्यानाचे लोक रस्त्यावर उभे राहून वाहतूक थोपवतात आणि पर्यटक बाजूच्या वाहनतळावरून पाहतात. डेन्व्हरच्या मंडळींना याहून चांगली सोय मिळणार नाही. इतर ठिकाणी कळप दिसला तर आधीच वेग कमी करावा, चारही इंडिकेटर लावावेत आणि मेंढ्या रस्त्यावर असतील तर त्या जाईपर्यंत गाडीतच थांबावं. हॉर्न वाजवून हुसकावू नये, कारण त्या कुठे पळतील ते आपल्या हातात नसतं. रस्ता मोकळा असेल तर सावकाश पुढे निघावं, पाहायला थांबायचंच असेल तर पुढच्या थांब्याच्या जागी, गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेऊन. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर कधीही थांबू नये. उतरणं भागच असेल तर किमान ३० मीटर, म्हणजे तीन बसगाड्यांच्या लांबीएवढं अंतर राखायचं, असं कॅनडाच्या उद्यानांचं सांगणं आहे. अमेरिकेच्या उद्यानांत ते साधारण २३ मीटर आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात एडके माजावर असतात, एकमेकांना धडका देतात, तेव्हा हे अंतर आणखी वाढवावं. मे-जूनमध्ये कोकरू सोबत असेल तेव्हाही.

आणि कुणाच्या गाडीची धडक बसलीच, तर जखमी जनावराजवळ जाऊ नये, त्याला पाणी पाजायचा किंवा बाजूला ओढायचा प्रयत्न करू नये. कड्यापर्यंत पोचता न येणारी मेंढी शिंगांनी आणि खुरांनी जीव खाऊन झगडते, आणि शेजारून गाड्या धावतच असतात. आधी आपली गाडी आणि माणसं रस्त्याबाहेर घ्यावीत, मग उद्यानाच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून जागा नेमकी सांगावी: महामार्गाचा क्रमांक, जवळचा फलक, नदीची बाजू की कड्याची. त्या खोऱ्यांत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हणून तो क्रमांक घरून निघतानाच कागदावर लिहून गाडीत ठेवावा, आणि रेंज नसेल तर धडकेची जागा नीट लक्षात ठेवून पुढच्या गावात पोचल्याबरोबर कळवावं. मेंढी उठून लंगडत निघून गेली तरीही कळवावं. तिला शोधायचं की नाही ते उद्यानाचे रक्षक ठरवतील.