काळ्या कागदावर पांढरी नक्षी : संक्रांतीच्या शुभेच्छापत्रांचे अनुभव

संक्रांतीला काळ्या साडीवर हलव्याचे दागिने जसे उठून दिसतात, तशी नक्षी कागदावर उमटवायची असेल तर हीट एम्बॉसिंगसारखी कला नाही. चिकट शाईने ठसा मारायचा, त्यावर राळेची बारीक पावडर भुरभुरायची आणि गरम हवेने ती वितळवायची. लग्नपत्रिकांवरची फुगीर अक्षरंही याच तत्त्वावर तयार होतात. दर थंडीत अशी कार्डं करताना जे उमगलं, ते इथे मांडते.

१. कागद जाड घ्या. २५० ते ३०० जीएसएमचा, गुळगुळीत कार्डपेपर उत्तम. पातळ कागद उष्णतेने वाकतो. काळ्यावर पांढरी आणि गडद निळ्यावर चंदेरी पावडर खुलते.

२. कोरड्या हवेचा बंदोबस्त आधी करा. थंडीत कागदावर स्थिर विद्युत साठते आणि पावडरीचे कण नको तिथे चिकटतात. तापवल्यावर अशा प्रत्येक कणाचा पांढरा ठिपका होतो, आणि तो मग निघत नाही. म्हणून ठसा मारण्यापूर्वी टाल्कम पावडरची पुरचुंडी कागदावरून हलक्या हाताने फिरवा.

३. शाई सावकाश वाळणारी हवी. पिगमेंट शाई किंवा एम्बॉसिंगची पारदर्शक शाई वापरा. ठसा मारल्याबरोबर पावडर टाका. शाई कागदात मुरली की पावडर धरत नाही.

४. अक्षरांसाठी बारीक कणांची पावडर ठेवा. मनासारखे मराठी शिक्के सहसा मिळत नाहीत, तेव्हा एम्बॉसिंग पेनाने स्वतःच लिहावं. ‘तिळगूळ’ या शब्दात दोनदा ‘ळ’ येतो. जाड पावडरीत त्याच्या दोन्ही पोकळ्या बुजतात आणि अनुस्वाराचा गोळा होतो. जादा पावडर झटकताना कागद उभा धरून मागून टिचकी मारा. उरलेले कण कोरड्या, बारीक ब्रशने टिपा.

५. हीट गन आधी तापू द्या. कागदापासून दूर धरून ती सुरू करा, मग दोन-तीन इंचांवर आणा. कार्ड चिमट्याने धरा. केस वाळवायच्या ड्रायरने हे काम होत नाही. त्याचा वारा पावडर उडवतो आणि उष्णता अपुरी पडते.

६. चमक आली की तिथे थांबू नका. सगळं कसब इथेच आहे. पावडर आधी रवाळ, निस्तेज दिसते. मग एका कडेला ओली चकाकी येते आणि अक्षराच्या वळणावरून पुढे सरकते. जिथे ती पोहोचली, तिथून गन लगेच पुढे न्या. जास्त तापवलं तर राळ कागदात मुरते आणि अक्षर सपाट, तेलकट होतं. कार्ड उजेडात तिरकं धरलं की हा बदल स्वच्छ दिसतो.

७. रंग शेवटी द्या. पांढऱ्या जलरंगाच्या कागदावर पारदर्शक पावडरीने पतंग काढा, तापवा आणि वरून निळ्या रंगाचा पातळ हात फिरवा. वितळलेली राळ पाणी धरत नाही. त्यामुळे आभाळ निळं होतं आणि पतंग पांढरे राहतात.

८. घडी आणि पाकीट यांचा विचार सुरुवातीलाच करा. नक्षीवर घडी आली तर ती तडकते. कार्ड पूर्ण गार झाल्यावर वर बटर पेपर ठेवा, मग पाकिटात घाला. १४ जानेवारीच्या सुमारास पोहोचायचं असेल तर महिन्याच्या सुरुवातीलाच पोस्टात टाका.

या संक्रांतीला घरातल्या मुलांना सोबत घेऊन निदान एक कार्ड कराच. ठसा आणि पावडर त्यांच्याकडे द्या, गन मात्र मोठ्यांनीच हाताळावी. आणि आतला मजकूर छापील नको, आपल्या अक्षरात लिहा.