खेळातील नेतृत्व आणि प्राथमिक शाळेतील मुले

शाळेच्या वेळापत्रकातील खेळाचा तास वरवर पाहता श्रमपरिहाराचा तास वाटतो. परंतु मुलाच्या वृत्तीची घडण जेथे सर्वांत उघडपणे दिसते, असे स्थळ क्रीडांगणच होय. वर्गात शिक्षक बोलतो व मुले ऐकतात. क्रीडांगणावर मुलेच एकमेकांस आज्ञा करतात, एकमेकांचे ऐकतात, रुसतात, भांडतात आणि पुन्हा एकत्र येतात. म्हणून संघाचा नायक कोण, तो कसा निवडला गेला आणि तो आपल्या गड्यांशी कसा वागतो, हे प्रश्न केवळ सामन्याच्या निकालापुरते नसून शिक्षणाचे आहेत. क्रीडा-मानसशास्त्राने या प्रश्नांचा जो विचार केला आहे, त्यातील प्राथमिक शिक्षकास उपयुक्त असा भाग येथे संक्षेपाने मांडला आहे.

१. नेता जन्मतो की घडतो?

नेतृत्व ही उपजत देणगी आहे, अशी समजूत फार जुनी आहे. या समजुतीस धरून अनेक संशोधकांनी नेत्यांच्या अंगच्या गुणांच्या याद्या तयार केल्या. उंची, बुद्धी, आत्मविश्वास, वक्तृत्व असे नाना गुण त्यात आले. १९४८ साली अमेरिकेतील राल्फ स्टॉगडिल यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एका प्रसंगी नेता ठरलेली व्यक्ती दुसऱ्या प्रसंगीही नेता ठरेलच असे नाही, आणि केवळ काही गुण अंगी असल्याने कोणी नेता होत नाही, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता.

शाळेच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. बहुतेक शाळांत सर्वांत उंच किंवा सर्वांत वेगाने धावणारा मुलगा आपोआप नायक होतो, आणि चार वर्षे तोच नायक राहतो. वेग हा धावण्याचा गुण आहे, नेतृत्वाचा नव्हे. नेतृत्व हे वर्तन असेल, तर ते शिकता येते. आणि शिकता येत असेल, तर ते सर्वांना शिकविणे हे शाळेचे काम ठरते.

२. नेतृत्वाच्या तीन पद्धती

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ देश सोडून अमेरिकेत गेले. तेथे आयोवा विद्यापीठात त्यांनी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांसह १० वर्षे वयाच्या मुलांच्या छंदमंडळांवर प्रयोग केले. त्यांचा वृत्तांत १९३९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक मंडळात ५ मुले असत आणि ती मुखवटे बनविण्यासारखी हस्तकामे करीत. मंडळांना निरनिराळ्या पद्धतींनी वागणारे प्रौढ नेते देण्यात आले.

हुकूमशाही पद्धतीचा नेता सर्व काही स्वतः ठरवी, एका वेळी कामाची एकच पायरी सांगे, आणि कोणी कोणाबरोबर काम करावे हेही तोच सांगे. लोकशाही पद्धतीचा नेता कामाचा सर्व आराखडा प्रथम समजावून देई, दोन-तीन मार्ग पुढे ठेवी आणि निर्णय मुलांच्या चर्चेवर सोपवी. प्रशंसा किंवा टीका करताना तो व्यक्तीकडे न पाहता कामाकडे पाही. स्वैर पद्धतीचा नेता साहित्य देऊन बाजूस बसे व विचारल्यावाचून काही सांगत नसे.

हुकूमशाही मंडळांत एकतर भांडणे व दुबळ्या मुलावर राग काढणे वाढले, किंवा मुले मुकाट व निरुत्साही झाली. नेता समोर असेपर्यंत काम होई. तो खोलीबाहेर गेला की ते मंदावे. लोकशाही मंडळांत मात्र नेता नसतानाही काम बहुतांशी पूर्वीप्रमाणे चालू राही. स्वैर मंडळांत काम कमी व कंटाळा अधिक दिसला. दोन्ही प्रकारचे नेते अनुभवलेल्या २० मुलांपैकी १९ मुलांनी हुकूमशाही नेत्यापेक्षा लोकशाही नेता पसंत केला.

हा प्रयोग थोड्या मुलांवर व परक्या समाजात झाला, म्हणून तो अटळ नियम समजू नये. तथापि त्यातील एक कसोटी कोणत्याही शाळेत लावता येते: शिक्षक मैदानावरून पाच मिनिटे दूर गेले, तर खेळ चालू राहतो की विस्कटतो? तसेच मुलांना मैदानावर सोडून शिक्षकांनी कार्यालयात बसणे म्हणजे लोकशाही नव्हे, ती स्वैर पद्धती होय, हेही ध्यानात ठेवावे.

३. प्रसंग तसे नेतृत्व

मग हुकूम कधीच देऊ नये काय? तसे नाही. मूळचे भारतीय असलेले व पुढे कॅनडा आणि अमेरिका येथील विद्यापीठांत अध्यापन केलेले पॅकियनाथन चेल्लादुराई यांनी खेळातील नेतृत्वाचा बहुमितीय सिद्धांत मांडला. त्यांच्या मते नेत्याच्या वर्तनाचे तीन पैलू असतात: प्रसंगास आवश्यक असलेले वर्तन, खेळाडूंना हवे असलेले वर्तन आणि नेत्याचे प्रत्यक्ष वर्तन. हे तिन्ही जितके जुळतील, तितकी संघाची कामगिरी व समाधान अधिक. १९८० साली त्यांनी सालेह या सहकाऱ्यासह खेळातील नेतृत्व मोजण्याची एक श्रेणी प्रसिद्ध केली. तीत प्रशिक्षण व सूचना, लोकशाही वर्तन, एकाधिकारी वर्तन, जिव्हाळ्याचा आधार आणि शाबासकी अशी पाच अंगे आहेत.

कबड्डीचे उदाहरण घेता येईल. प्रतिपक्षाचा गडी चढाईस आलेला असताना चर्चेस अवकाश नसतो. तेथे एकाने इशारा करावा व साखळीने तो पाळावा हेच योग्य. परंतु चढाईस कोणी कोणत्या क्रमाने जावे, साखळीत कोणी कोणाचा हात धरावा, हे सामन्यापूर्वी सर्वांनी बसून ठरविता येते. जेथे वेळ नाही किंवा इजा होण्याचा धोका आहे, तेथे आज्ञा. जेथे वेळ आहे तेथे विचारविनिमय, हा व्यवहारी नियम शिक्षकाने मुलांनाही समजावून द्यावा.

४. चुकणाऱ्या मुलाशी वर्तन

नेत्याची खरी परीक्षा गडी चुकतो तेव्हा होते. अमेरिकेतील रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांचे वर्तन प्रत्यक्ष मैदानावर नोंदले, आणि काही प्रशिक्षकांना थोडे प्रशिक्षण दिले. प्रयत्नाबद्दल शाबासकी द्यावी, चूक झाल्यास प्रथम धीर द्यावा व मग योग्य कृती दाखवावी, टोचून बोलू नये, एवढेच त्याचे सार होते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, स्वतःविषयी हीन भावना असलेल्या मुलांना या वर्तनाचा विशेष लाभ झाल्याचे दिसले. १९९२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात पुढील हंगामी खेळ सोडून देणाऱ्या मुलांचे प्रमाण अप्रशिक्षित प्रशिक्षकांच्या संघांत शेकडा २६, तर प्रशिक्षितांच्या संघांत शेकडा ५ होते. दोन्ही प्रकारच्या संघांच्या विजयांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता.

म्हणजे मूल खेळ सोडते ते पराभवाने नव्हे, तर अपमानाने. आपल्याकडे हा अपमान पुष्कळदा गडी वाटून घेतानाच सुरू होतो. दोन नायक आळीपाळीने गडी मागून घेतात, आणि रोज तेच एक मूल शेवटी उरते. कोणी त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेते. लहान भावंडाला ही सवलत आनंदाची असते, कारण त्यामुळे त्याला मोठ्यांत वावरता येते. परंतु समवयस्कांनी दिलेले तेच नाव चौथीतील मुलास ‘तू मोजण्यासारखा नाहीस’ असे सांगते. असे मूल काही दिवसांनी पोट दुखते म्हणून झाडाखाली बसू लागते. मुलींच्या बाबतीत हे अधिक लवकर घडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

५. खो-खोचा धडा

नेतृत्व वाटून घेण्याचे शिक्षण देणारा खेळ महाराष्ट्राच्या मातीतच आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्या ९ गड्यांपैकी ८ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व एकच धावतो. परंतु त्याने ‘खो’ देताच बसलेला गडी उठतो व पाठलागाचा भार त्याच्याकडे येतो. खो देणारा त्याच्या जागी बसतो. कितीही वेगवान गडी असला तरी त्याला दिशा उलट करता येत नाही, म्हणून बसलेल्यावर विश्वास टाकावाच लागतो. योग्य क्षणी पुढारीपण सोडणे हेही नेतृत्वच आहे, ही गोष्ट या खेळात मुलांना व्याख्यानावाचून कळते.

६. शिक्षकांसाठी सूचना

(१) संघनायक दर पंधरवड्यास बदलावा. वर्षाअखेर प्रत्येक मुलास व मुलीस ती संधी मिळाली आहे की नाही, याची नोंद ठेवावी.

(२) गडी मागून घेण्याची रीत बंद करावी. चिठ्ठ्या टाकून किंवा क्रमांक म्हणवून संघ पाडावेत.

(३) नव्या नायकास एकदम मोठे काम देऊ नये. प्रथम साहित्य वाटणे, मग मैदान आखून घेणे, नंतर गुण लिहिणे व शेवटी डाव चालविणे, अशा पायऱ्या ठेवाव्यात.

(४) नायकास तीन गोष्टी शिकवाव्यात: चुकलेल्या गड्यास प्रथम ‘असू दे, पुढचे बघ’ म्हणणे, डाव संपल्यावर दोघांच्या तरी चांगल्या कृतीचा नावानिशी उल्लेख करणे, आणि पंचाचा निर्णय स्वतः आधी मानणे.

(५) तासाच्या शेवटची पाच मिनिटे मुलांना गोलाकार बसवून ‘आज कोणाला खेळावयास कमी मिळाले?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर मुलांनीच द्यावे व उपायही त्यांनीच सुचवावा.

आंतरशालेय स्पर्धेसाठी उत्तम संघ निवडण्यास या सूचना आड येत नाहीत. स्पर्धेचे दिवस वर्षातून थोडे असतात, खेळाचे तास पुष्कळ. त्या तासांत सर्व मुलांनी खेळावे, काही काळ प्रत्येकाने पुढे व्हावे आणि काही काळ दुसऱ्याच्या मागे आनंदाने चालावे, एवढे साधले तरी क्रीडांगणाने आपले काम केले असे होईल.

केंद्राच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत गेल्या वर्षी किती मुलांनी व किती मुलींनी संघनायकाचे काम केले?

२. शिक्षक दूर असताना खेळ चालू राहण्यासाठी मुलांनी कोणते नियम स्वतः करावेत?

३. खेळाच्या तासाला बाजूस बसणारी मुले कोणती, आणि ती केव्हापासून बसू लागली?