एका रविवारी एकच स्टेशन

तुझी यादी तयार आहे, हे मला फोनवरच कळलं. गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू, सगळं एका सुट्टीत. अगं, ती यादी बाजूला ठेव. अशा धावपळीने पाय दुखतात, मोबाइल फोटोंनी भरतो आणि सोमवारी मुंबई तुला होती तितकीच परकी वाटते. नोकरीसाठी आली आहेस, चार दिवसांची पाहुणी नाहीस. म्हणून सांगते, एका रविवारी एकच स्टेशन धर. तिथे उतर आणि चालायला लाग.

पहिल्यांदा चर्नी रोड. गिरगावात शिरलीस की केशवजी नाईकांची चाळ विचार. १८९३ पासून तिथे सार्वजनिक गणपती बसतो. मग खोताची वाडी. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरं, लाकडी जिने, पुढे ओटा, कोपऱ्यावर क्रूस. आता मोजकीच उरली आहेत आणि त्यांत माणसं राहतात, तेव्हा खिडकीत मोबाइल घालून फोटो काढू नकोस. ओट्यावर कुणी आजी बसल्या असतील तर आधी त्यांच्याशी दोन शब्द बोल.

तिथून बस पकडून वाळकेश्वरला जा आणि बाणगंगेच्या पायऱ्या उतर. तिथे घाई करू नकोस. चारी बाजूंनी देवळं, दीपमाळा, पाण्यात बदकं आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही झऱ्याचं गोडं पाणी. रामाने बाण मारून ते काढलं, अशी कथा. इतिहास तलावाला शिलाहारांच्या काळापर्यंत मागे नेतो, आणि १७१५ च्या सुमारास रामा कामतांनी इथलं देऊळ पुन्हा बांधवलं. मुंबई इंग्रजांनी वसवली असं आपण शाळेपासून ऐकत आलो. बाणगंगेच्या पायरीवर तासभर बसलीस की ते तुला अपुरं वाटायला लागेल. इंग्रजांच्या आधीही इथे माणसं होती, देव होते, कोळ्यांची गावठाणं होती. हे शहर आपल्यासाठीच नवीन आहे, ते स्वतः नवं नाही.

सीएसएमटी आणि फोर्टबद्दल मी फार सांगत नाही, ते तुला कुणीही दाखवेल. एवढंच कर, स्टेशनात गाडीसाठी धावताना एकदा थांबून मान वर कर. १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या दगडात माकडं, मोर, पानं कोरलेली आहेत आणि रोज लाखो माणसं त्यांच्याखालून न बघता जातात.

मला तुला खरं न्यायचंय ते करी रोडला. तिथून लालबाग, परळ, म्हणजे कापडगिरण्यांचं गिरणगाव. आपल्या साताऱ्याकडची, कोकणातली किती घरं या भागातून आलेल्या मनिऑर्डरींवर चालली! जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखं राहिलं नाही. आज टॉवरांच्या मधे एखाद्या गिरणीची धुराची चिमणी दिसते. ती दिसली की बायकांचीही आठवण ठेव. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या त्या खाणावळवाल्या. सावकाराच्या व्याजाखाली त्या पिचत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. या शहरात बाई स्वतःच्या पायावर उभी राहते ती वाट अशाच बायकांनी पाडली आहे. तू त्याच वाटेवर आहेस, म्हणून तो भाग डोळ्यांखालून घालायलाच हवा. येताना लालबागच्या बाजारातून मसाला कांडून आण. तिखट किती ते कांडणाऱ्याला आधी सांग. आणि चिवडा गल्लीतून पाव किलो चिवडाही घे.

त्याच परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर वीसहून अधिक वर्षं राहिले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. दोन्ही जागा एकाच दिवशी बघितल्यास, तर मधलं अंतर नकाशापेक्षा खूप मोठं वाटेल.

भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ पासूनचं. बुधवारी बंद असतं. जुन्या मुंबईच्या माणसांच्या मातीच्या मूर्ती बघ. बाहेर दगडी हत्ती आहे, तो घारापुरीहून आणलेला. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. हत्ती बघून झाला की मगच घारापुरीला जा. तिथली लेणी सोमवारी बंद, आणि पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही. कान्हेरीची लेणीही सोमवारी बंद. तिथे मात्र एकटी नको, मैत्रीण घेऊन जा, रान आहे.

आता कामाचं. शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल कुठे बंद आहे ते, बघून ठेव. लेडीज डब्यात बसायला जागा हवी असेल तर सरळ विचार, ‘कुठे उतरणार?’ कुणी वाईट मानत नाही. काही लेडीज डबे रात्री उशिरा सगळ्यांसाठी खुले होतात. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचून चढ. स्वच्छतागृहाची सोय आधी हेरून ठेव, म्युझियम किंवा मोठं हॉटेल दिसलं की जाऊनच ये. सोय मिळणार नाही या भीतीने पाणी प्यायचं टाळू नकोस, आपल्या कितीतरी बायका त्यापायी आजारी पडतात.

आणि एकटी फिरतेस म्हणून कुणी टोकलं, तर मनाला लावून घेऊ नकोस. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी काहीही काम नसताना बस. काम असेल तरच बाईने घराबाहेर पडावं, हे आपल्या अंगात फार खोल मुरलंय. ते काढायला असा कट्टा लागतो.

तुझ्या या एकट्या भटकंतीबद्दल आबांना मी समजावते. तू फक्त कुठे उतरलीस ते मला कळवत जा, आणि परत रूमवर पोचलीस की तेही.