इंजिनाचे तेल कोठून गळते?

१७९५ साली मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे खर्डा हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील हे गाव. अशा गावात घरची जीपगाडी म्हणजे मोठाच आधार. शेतावर जायचे असो, बाजार आणायचा असो, की रात्री-अपरात्री आजारी माणसाला वीसेक किलोमीटरवरच्या जामखेडला न्यायचे असो, सारा भरवसा तिच्यावर.

समजा, खर्ड्यातील एका घरी अशा गाडीखाली रोज सकाळी काळसर डाग दिसू लागला. मिस्त्रीने वाकून पाहिले. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली थेंब लोंबत होता. "मागचे ऑइल सील गेले. गिअरबॉक्स उतरवावा लागेल," तो म्हणाला. म्हणजे काम मोठे आणि खर्चही मोठा. हे निदान बरोबर असेल का? विद्यार्थी मित्रांनो, आपण ते शास्त्रीय रीतीने तपासून पाहू.

प्रथम तेलाचे काम समजून घेऊ. इंजिनातील क्रँकशाफ्ट धातूच्या बेअरिंगमध्ये फिरतो. परंतु दोघांमध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असल्याने धातू धातूला घासत नाही. हा थर टिकवण्यासाठी पंप तेलाला दाब देतो. तेल फार कमी झाले की पंप हवा ओढू लागतो, थर तुटतो, घर्षणाने बेअरिंग तापते व इंजिन जाम होते. म्हणून चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.

आता तपासणीकडे वळू. पहिला प्रश्न असा, की गळते ते इंजिनाचे तेलच आहे का? रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. तपकिरी वा काळा, बुळबुळीत डाग बहुधा इंजिनाच्या तेलाचा असतो. रंगहीन पाणी वातानुकूलन यंत्राचे असू शकते. हिरवट किंवा गुलाबी, पाण्यासारखा द्रव रेडिएटरचा असतो. चाकाजवळ फिकट, तेलकट द्रव दिसला, तर तो ब्रेकचा असण्याचा संभव आहे; अशी गाडी मुळीच चालवू नये.

दुसरा प्रश्न, गळती किती आहे? समजा, मिनिटाला १ थेंब पडतो आणि ३० थेंबांचे १ मिलिलिटर होते. दिवसाचे १४४० थेंब, म्हणजे ४८ मिलिलिटर. तीन आठवड्यांत सुमारे १ लिटर तेल गेले! चालत्या इंजिनात तर तेल तापून पातळ होते. नेहमीच्या १५डब्ल्यू-४० तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, ४० अंश सेल्सियसला जितकी असते, तिच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकीच १०० अंशांना उरते. त्यातून वर पंपाचा दाब. म्हणून उभ्या गाडीत अल्प वाटणारी गळती रस्त्यावर वाढू शकते. यासाठी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी, गेजपट्टीवर तेलाची पातळी नियमितपणे पाहावी.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तेल निघते कोठून? थेंब पडतो तीच गळतीची जागा, असे आपल्याला सहज वाटते. पण गुरुत्वाकर्षण तेलाला खाली ओढते आणि धावत्या गाडीतील वारा त्याला मागे ढकलतो. म्हणजे मूळ जागा ओल्या भागाच्या बहुधा सर्वांत वरच्या व पुढच्या टोकाला असते.

हे पाहण्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना मिस्त्रीकडून बाहेरून स्वच्छ करून घ्यावे, कोरडे होऊ द्यावे आणि संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी. मग जामखेडपर्यंत जाऊन यावे. परतल्यावर इंजिन बंद करून, विजेरीच्या उजेडात वरून खाली पाहत जावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ उमटलेली दिसेल.

आपल्या उदाहरणात ही रेघ माथ्यावरील टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेपासून निघून इंजिनाच्या पाठीवरून खाली आली होती. सील सुस्थितीत होते! दोष कव्हरखालच्या रबरी पॅकिंगचा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याची लवचिकता जाते आणि फट राहते.

मग बोल्ट आणखी आवळले तर? पातळ कव्हर वाकते व गळती वाढते. नवे पॅकिंग बसवून, बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे, ठरलेल्या जोरानेच आवळावेत. गळती तळाच्या ड्रेन बोल्टची असेल, तर नवा वॉशर घालावा. फिल्टरची असेल, तर जुनी रबरी कडी आत चिकटून राहिली नाही ना, ते पाहावे.

मात्र पॅकिंग बदलण्यापूर्वी ब्रीदर नळी तपासलीच पाहिजे. दट्ट्याच्या कड्यांमधून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो व या नळीतून बाहेर पडतो. नळी तुंबली की आत दाब वाढतो आणि तो चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. कारण तसेच ठेवून पॅकिंग बदलले, तर नवे पॅकिंगही गळू लागेल.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. ते डब्यात बंद करून जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्या.

करून पहा : एक फळी तिरपी ठेवून तिच्यावर पावडर भुरभुरा आणि वरच्या टोकाला गोडेतेलाचे काही थेंब सोडा. तेल खालच्या कडेवरून ठिबकू लागले, की मित्राला फक्त तो थेंब दाखवा व तेल कोठून आले ते विचारा. नंतर त्याला वरची रेघ दाखवा. तसेच ड्रॉपरने १ मिलिलिटरमध्ये तेलाचे किती थेंब बसतात ते मोजा, आणि वरचे गणित तुमच्या आकड्याने पुन्हा करा.