पायावरचे साल आणि खेळण्याची किंमत

प्रश्न : अमेरिकेतल्या मामांकडून 'स्टार वॉर्स'च्या जुन्या बाहुल्या आणि 'मिलेनियम फाल्कन' यान मिळाले आहे. बाहुल्यांच्या पायावर १९७७ छापले आहे. त्या त्याच वर्षीच्या का? किंमत कशी ठरवावी?

उत्तर : ते साल स्वामित्वहक्काचे, उत्पादनाचे नव्हे. १९७७च्या नाताळात त्या बनवणाऱ्या केनर कंपनीकडे बाहुल्या तयारच नव्हत्या. तिने पाकिटातून चक्क बाहुल्या नंतर देण्याचे हमीपत्र विकले. बाहुल्या मुलांच्या हाती पडल्या १९७८मध्ये, आणि तोच शिक्का घेऊन नंतरही बनत राहिल्या.

त्यांत जावा नावाचे पात्र असेल तर त्याचा झगा आधी बघावा. सुरुवातीचा झगा व्हिनाइलचा, नंतरचा कापडी. व्हिनाइलचा जावा दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकलाही उदंड: व्हिनाइलचा तुकडा कापून झगा करायला कितीसा वेळ लागतो! जाणकाराने तपासल्याशिवाय अशा जावाचे मोठे पैसे मोजणे म्हणजे शुद्ध जुगार. इतर बाहुल्यांची चिमुकली शस्त्रेही मूळचीच आहेत का, हे पाहावे. नव्याने बनवलेली बाजारात सर्रास मिळतात.

फाल्कन १९७९चे. त्याची रडारची तबकडी, उतरणीचे दांडे, उभे राहायचे पाय बहुधा हरवलेले असतात. बॅटरीचा कप्पा उघडून गंज तपासावा. पांढरे प्लास्टिक पिवळे पडले असेल तर पेरॉक्साइडने उजळवण्याचा मोह टाळावा. उजळवलेच, तर विकताना ते स्पष्ट सांगावे. मूळ खोका असल्यास तो फाटका असला तरी जपून ठेवावा, त्यालाही गिऱ्हाईक असते.