टोळांच्या प्रजननस्थळांचा शोध : उपग्रहांमधील कामाची वाटणी

मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात उतरले. थवा एकदा उडू लागला की त्याचे नियंत्रण अतिशय कठीण होते. म्हणून प्रजननस्थळे वेळीच शोधणे महत्त्वाचे ठरते.

हाती किती वेळ असतो?
मादी पावसाने ओलावलेल्या वाळूत अंडी घालते. उष्ण हवामानात सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात व त्यांना पूर्ण पंख फुटण्यास आणखी चार ते सहा आठवडे लागतात. नियंत्रणाची खरी संधी हीच. उपग्रहांना टोळ दिसत नाहीत. मात्र मातीतील ओल आणि नव्याने उगवलेली हिरवळ यांचा वेध घेता येतो.

एकच उपग्रह का पुरत नाही?
रिसोर्ससॅट उपग्रहांवरील ‘एविफ्स’ कॅमेरा ७४० कि.मी. रुंदीचा पट्टा पाहतो. परंतु त्याची सूक्ष्मता ५६ मीटर आहे. ‘लिस-४’ची सूक्ष्मता ५.८ मीटर असली, तरी त्याचा पट्टा केवळ ७० कि.मी. रुंद आहे. हा कॅमेरा बाजूला कलवता येतो. पण तो जैसलमेरकडे वळवल्यास त्याच फेरीत जोधपूर सुटते.

वाटणी कशी करावी?
प्रथम रुंद पट्ट्याच्या प्रतिमांवरून संशयित ठिकाणे निवडावीत. मग केवळ तेथेच सूक्ष्म कॅमेरा वळवावा. सेंटिनेल-२ मालिकेतील एक उपग्रह त्याच जागी १० दिवसांनी येतो. कक्षेत परस्परांसमोर ठेवलेले दोन उपग्रह हे अंतर ५ दिवसांवर आणतात. ढगाळ हवामानात सेंटिनेल-१ चे रडार उपयोगी पडते. वेळापत्रक आखताना कामाची तातडी, ढगांचा अंदाज, उपग्रहावरील साठवणक्षमता आणि भूकेंद्राशी संपर्काची वेळ यांचा मेळ घालावा लागतो. ढगांमुळे एक फेरी वाया गेल्यास ते काम त्या भागावरून पुढे जाणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाकडे सोपवता येते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी
प्रतिमेतील हिरवळ गवताची असेल किंवा बाजरीचीही. त्यामुळे प्रत्यक्ष पाहणी अनिवार्य आहे. पाहणीत पुढील नोंदी घ्याव्यात :
• दिनांक, अक्षांश व रेखांश
• मातीतील ओलीची खोली
• वनस्पतींचा प्रकार व हिरवेपणा
• टोळांची अवस्था व अंदाजे संख्या

‘टोळ आढळले नाहीत’ ही नोंदही अवश्य पाठवावी. तिच्यामुळे एक ठिकाण यादीतून वगळता येते आणि पुढील फेरीत तोच कॅमेरा अधिक धोक्याच्या भागाकडे वळवता येतो.