लेकराशी घरच्या बोलीत बोलणे

ज्यांच्या घरी पाच वर्षांच्या आतले लेकरू आहे त्यांनी हा पाठ आधी वाचावा. आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस गावच्या उपदेशकाने तो सावकाश वाचून दाखवावा. लेकरांच्या अन्नवस्त्राविषयी येथे विचार करावयाचा नाही, कारण त्यांची उणीव डोळ्यांस दिसते. जिची उणीव सहसा दिसत नाही अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आईबापांचे बोलणे.

कापूस वेचणीच्या दिवसांत धुळे तालुक्यातील एका घरी मी संध्याकाळी गेलो होतो. अडीच वर्षांचा मुलगा उंबऱ्यावर मोबाईल घेऊन बसला होता. आईबाप आपसांत अहिराणीत मोकळेपणाने बोलत होते. पण मुलाकडे वळले की त्यांची वाणी जणू आखडे. "ये," "बस," "खा," "नको," एवढेच चार शब्द, तेही पुस्तकी मराठीत. मी कारण विचारले तेव्हा बाप खाली मान घालून म्हणाला, "पाळकसाहेब, आमनी बोली गावठी शे." शाळेत पोराला कोणी हसू नये म्हणून त्यांनी घरची भाषा त्याच्यापुरती बंद केली होती, आणि शुद्ध मराठी त्यांस स्वतःस पुरेशी येत नव्हती. अशा रीतीने प्रेमापोटीच त्या लेकराच्या वाट्याला मुकेपण आले होते.

त्यांस मी दोष कसा द्यावा? शनिवारी रात्री उपदेशाची तयारी करीत असता माझी थोरली कन्या, तेव्हा तीन वर्षांची, माझा सदरा ओढी. आणि मी मान वर न करता "गप्प बैस" म्हणे. एके दिवशी तिने आपल्या चिंध्यांच्या बाहुलीस भिंतीशी बसविले आणि बोट उगारून तिला सांगितले, "गप्प बैस, बाबा लिहितात." माझी पत्नी हसली. मला मात्र हसू आले नाही.

लेकरू बोलावयास कसे शिकते हे आता पुष्कळ कळले आहे. आईचा आवाज ते उदरात असतानाच ऐकते आणि जन्मल्यावर तो ओळखते. सहा महिन्यांच्या सुमारास ते 'बा-बा', 'दा-दा' असे ध्वनी काढू लागते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्द जोडले जातात. पण हे आपोआप होत नाही. लेकराने ध्वनी काढावा, मोठ्याने त्यास उत्तर द्यावे, लेकराने पुन्हा काढावा, ही देवघेव हाच त्याचा पहिला धडा होय. मोबाईल बोलतो खरा, पण लेकराचे ऐकून उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली असे सुचविले की दोन वर्षांच्या आतल्या मुलांस पडद्यासमोर बसवूच नये, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसातून एका तासाहून अधिक बसवू नये.

आता बोलीचा प्रश्न. आपल्या खानदेशातच ह्याचे मोठे उदाहरण आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) ह्यांस लिहितावाचता येत नव्हते. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. धाकटे सोपानदेव तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे होते, आणि थोरल्या ओंकारास पुढे प्लेगने कायमचे पंगुत्व आले. शेत, जाते, चूल ह्यांतून त्या बाईस मुलांजवळ निवांत बसावयास वेळ कोठून असणार! परंतु काम करता करता त्या आपल्या लेवा बोलीत गाणी रचीत, आणि मुले ती ऐकत. सोपानदेव पुढे मराठीचे कवी झाले. आईची गाणी त्यांनी व एका नातलगाने लिहून ठेवली होती. ती 1952 साली ग्रंथरूपाने निघाली, आणि 2018 पासून जळगावच्या विद्यापीठास त्याच निरक्षर बाईचे नाव आहे. प्रत्येक बोलकी आई कवी घडविते असे नव्हे. पण घरच्या बोलीने सोपानदेवांची मराठी बिघडली नाही, एवढे तर दिसते. ज्याची एक भाषा भरली त्यास दुसरी शिकणे सोपे जाते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. तेव्हा अहिराणी असो, भिली असो, पावरी असो, लेकराशी तीच बोलावी.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. ऊसतोडीस गेलेली माता पहाटे कोपीतून निघते ती रात्रीच परतते. परंतु अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांस शिकविण्याच्या ज्या वेळा सांगितल्या आहेत त्या पाहा: घरातली, वाटेवरची, निजावयाची आणि उठावयाची. निराळी वेळ काढा असे तेथे म्हटलेले नाही. भाकरी थापताना पीठ, पाणी, तवा ह्यांची नावे सांगता येतात. गाडीवर बैलांची शिंगे मोजता येतात. आणि त्यात आनंद किती आहे! एका लेकराने पांझरेचा पूर पाहून बापास विचारले, "नदीने एवढे पाणी कोठून आणले?" ह्याचे उत्तर देताना बापास स्वतःस विचार करावा लागला.

एक सावधगिरी. "मुलगे उशिरा बोलतात" असे म्हाताऱ्या सांगतात, त्यावर विसंबू नये. लेकरू मोठ्या आवाजाने दचकत नसेल, वर्षाचे होऊनही बडबडत नसेल, दीड वर्षात एकही शब्द किंवा दोन वर्षांत दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर आधी त्याचे कान तपासावे. अंगणवाडीतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते; ताईंस आवर्जून सांगावे. कानाचा दोष जितका लवकर कळेल तितका उपाय अधिक चालतो.

उपदेशकांनी पुढील गृहसभेत असे करावे: घरातील वडील मंडळींपैकी एखाद्या आजीस लेकरांपुढे तिच्याच बोलीत एक गोष्ट सांगावयास लावावे. मध्ये कोणी लेकरू बोलले तर त्यास गप्प करू नये. थांबावे, त्याचे म्हणणे पुरते ऐकावे, आणि मग गोष्ट पुढे न्यावी.